यंत्राने वाचवलेल्या तासांचा हिशोब द्या : आयटी कंपन्यांच्या व्यवस्थापनास खुले पत्र

प्रति,
आयटी कंपन्यांची संघटना असलेल्या नॅसकॉमचे पदाधिकारी आणि सदस्य कंपन्यांचे मनुष्यबळ प्रमुख यांस,

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण असे की, गेल्या आठवड्यात आमच्या हातात यंदाची अप्रेझलची पत्रे पडली. पगारवाढीच्या रकान्यात शून्य आहे, हे मी एक वेळ मुकाट्याने गिळले असते, कारण अठरा वर्षांच्या नोकरीत असे शून्य मी यापूर्वी दोनदा पाहिले आहे, एकदा २००९च्या मंदीत आणि एकदा २०२०च्या टाळेबंदीत, आणि दोन्ही वेळा त्यामागचे कारण कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. या वेळी मात्र त्या शून्याखाली दोन ओळी आहेत. पहिली ओळ सांगते की, एआय साधने उपलब्ध झाल्यामुळे आमच्या प्रकल्पाची अपेक्षित उत्पादकता तीस टक्क्यांनी वाढवून धरण्यात येत आहे. दुसरी सांगते की, आमच्या व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीनुसार कमी-जास्त होणाऱ्या, पगाराचा पाचवा हिस्सा यापुढे ही साधने आम्ही किती वापरतो त्या गुणांवर ठरेल. म्हणजे काम तीस टक्के जास्त, मोबदला तेवढाच, आणि त्यातलाही एक तुकडा अटीवर. हे सगळे एकाच कागदावर, एकाच सहीखाली लिहिताना लिहिणाऱ्याला काही खटकले नाही, म्हणून हे पत्र उघडपणे लिहावे लागत आहे.

माझ्या कंपनीचे नाव मी घेत नाही. एक तर मला तिथेच काम करायचे आहे. दुसरे म्हणजे हिंजवडीच्या तिन्ही फेजमध्ये आणि खराडीत काम करणाऱ्या माझ्या मित्रांच्या पत्रांतले शब्द वेगळे असले, तरी मजकूर हाच आहे. नॅसकॉमच्याच अंदाजानुसार २०२४-२५ या आर्थिक वर्षात या उद्योगाची उलाढाल २८० अब्ज डॉलरच्या पुढे गेली आणि त्यात काम करणाऱ्यांची संख्या ५८ लाखांच्या घरात पोहोचली. एवढ्या लोकांच्या पगाराची रीत बदलत असेल, तर ती कशी बदलते आहे हे त्यांच्या घरच्यांना आणि शेजाऱ्यांनाही कळले पाहिजे. बाहेर अजून समज असा आहे की, आयटीवाला म्हणजे गलेलठ्ठ पगार आणि शनिवार-रविवार लोणावळा.

मी या साधनांच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो, कारण पगाराचा विषय काढला की समोरचा लगेच तसा शिक्का मारतो. गिटहब कोपायलट हे कोड सुचवणारे एआय साधन २०२२च्या जूनमध्ये सर्वांसाठी खुले झाले, तेव्हा मी ते स्वतःच्या पैशांनी, महिना दहा डॉलर भरून घेतले होते, आणि तेव्हा कंपनीत ते वापरायला मनाई होती. आज रोज वापरतो. वीस वर्षांपूर्वीचा, ज्याचा लेखक केव्हाच ऑनसाइट, म्हणजे परदेशी ग्राहकाकडे, जाऊन तिकडचाच झाला आहे असा कोड समजून घ्यायला, कोड तपासणाऱ्या कंटाळवाण्या टेस्टचा सांगाडा उभा करायला, विसरलेली आज्ञा आठवायला ती उपयोगी आहेत. माझा वेळ वाचतो. प्रश्न एवढाच आहे की वाचलेला तो वेळ कोणाच्या खात्यात जमा होतो, आणि ते खाते आम्हाला कधीच का दाखवले जात नाही.

ते खाते कसे चालते, हे व्यवसायाबाहेरच्या वाचकांसाठी थोडे उलगडून सांगणे भाग आहे. आमच्याकडे दोन प्रकारचे करार असतात. एकात ग्राहक माणसांच्या तासांचे पैसे देतो. समजा, एका विमा कंपनीसाठी दहा जणांचा चमू काम करतो आहे. कराराच्या नूतनीकरणाच्या वेळी ग्राहक म्हणतो, तुमच्याकडे आता एआय आहे, दर खाली आणा. विक्रीवाले लोक करार हातचा जाऊ नये म्हणून मान डोलावतात आणि उत्पादकतेत अमुक टक्के वाढ करून दाखवू असे लिहून देतात. दहाचे सात होतात. काम तेवढेच राहते. तिघे बेंचवर, म्हणजे प्रकल्पाविना बसलेल्यांत, जातात, आणि बेंच म्हणजे पूर्वीसारखी निवांत जागा राहिलेली नाही. टीसीएसने जून २०२५पासून वर्षात किमान २२५ दिवस बिलिंग, म्हणजे ग्राहकाकडून पैसे मिळणारे काम, आणि बेंचवर जास्तीत जास्त ३५ दिवस असा नियम लावला, तेव्हा वाऱ्याची दिशा सगळ्यांनाच कळली. उरलेले सात जण दहांचे काम ओढतात, आणि वर्षअखेरीस त्यांना सांगितले जाते की अकाउंटचे बिलिंग घटले आहे, त्यामुळे पगारवाढीला पैसे नाहीत. वेग वाढवणाऱ्यानेच स्वतःची पगारवाढ खाऊन टाकली, असा याचा अर्थ होतो.

दुसऱ्या प्रकारच्या करारात किंमत ठरलेली असते, तास कंपनीने मोजायचे असतात. इथे काम लवकर संपले तर वाचलेले सगळे कंपनीचे. मग इथे तरी वाटा मिळावा, तर उत्तर येते की, साधनांच्या परवान्यांवर आणि सर्व्हरवर खर्च झाला आहे. तो झाला असेलच. पण तो किती, वाचले किती आणि उरले किती, हे तीन आकडे मी माझ्या चार व्यवस्थापकांना विचारले आणि चौघांनीही मला ‘अपस्किलिंग’वरचा एकच व्हिडिओ पाठवला.

पहिला आक्षेप म्हणून हे नोंदवा की, तुम्ही एकच गोष्ट तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी सांगता. ग्राहकाला सांगता की एआयमुळे आम्ही स्वस्तात आणि लवकर काम करू. गुंतवणूकदारांना सांगता की एआय हे वाढीचे नवे इंजिन आहे. एचसीएलटेकचे मुख्य कार्यकारी अधिकारी सी. विजयकुमार यांनी तर फेब्रुवारी २०२५मध्ये नॅसकॉमच्याच मंचावर, निम्म्या माणसांत दुप्पट महसूल कसा आणता येईल असे आव्हान आपण आपल्या चमूंना देत असल्याचे मोकळेपणाने सांगितले. त्यांचा हा मोकळेपणा मला बाकीच्यांच्या गुळमुळीतपणापेक्षा परवडला. आणि कर्मचाऱ्यांना सांगता की बाजार मंद आहे. जुलै २०२५मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून जास्त लोक कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी के. कृतिवासन यांनी त्याचे कारण एआयमुळे वाढलेली उत्पादकता हे नसून कौशल्ये आणि कामे यांचा मेळ न बसणे हे आहे, असे सांगितले. मी हे खरे धरायला तयार आहे. पण मग उद्योग म्हणून एका गोष्टीवर ठाम राहा. एआयमुळे उत्पादकता वाढलेली नसेल, तर आमच्या पत्रात तीस टक्के कुठून आले? आणि वाढलेली असेल, तर त्यातला आमचा वाटा शून्य कसा?

दुसरा आक्षेप त्या तीस टक्क्यांच्या मोजमापाविषयी आहे. हा आकडा आमच्या प्रकल्पात कोणी मोजलेला नाही. तो वरून आला. याविषयी जे अभ्यास झाले आहेत ते एका दिशेचे नाहीत. गिटहबच्या प्रयोगात ९५ प्रोग्रॅमरना जावास्क्रिप्टमध्ये एक छोटा सर्व्हर लिहायला दिला होता, आणि साधन वापरणाऱ्यांनी तो सुमारे ५५.८ टक्के कमी वेळात लिहिला. नवे, सुटसुटीत, स्वतंत्र काम असेल तर माझाही अनुभव जवळपास तसाच आहे. पण २०२५मध्ये मेटर या संस्थेने १६ अनुभवी ओपन सोर्स (सर्वांना खुला असलेला कोड लिहिणाऱ्या) डेव्हलपरना, त्यांच्या स्वतःच्या, वर्षानुवर्षे सांभाळलेल्या मोठ्या प्रकल्पांतली २४६ कामे देऊन मोजले, तेव्हा साधन वापरल्यावर त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला. गंमत पुढेच आहे. काम संपल्यावरही त्यांचा समज असा होता की आपण वीस टक्के वेगाने काम केले. त्यानंतर साधने सुधारली आहेत, हे मी नाकारत नाही. मात्र जिथे काम करणाऱ्यालाच स्वतःच्या वेगाचा अंदाज उलटा येतो, तिथे टाऊनहॉलच्या स्लाइडवरचा एक आकडा उचलून तो हजारो लोकांच्या पगारपत्रात उतरवणे हे निदान अभियांत्रिकी तरी नव्हे. सुंदर पिचाई यांनी ऑक्टोबर २०२४मध्ये सांगितले की गूगलमधला पाव हिश्श्याहून जास्त नवा कोड एआय तयार करते आणि अभियंते तो तपासून स्वीकारतात. तुमच्या स्लाइडवर या वाक्याचा पहिला अर्धा भाग नेहमी येतो. दुसरा कधीच येत नाही, आणि माझी उरलेली नोकरी त्या दुसऱ्या भागात चालते.

ती कशी चालते याचे एक उदाहरण सविस्तर देतो. दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. विमा पॉलिसी मुदतीआधी रद्द केली तर उरलेल्या दिवसांचा हप्ता परत करायचा, एवढेच गणित होते. आमच्या चमूतल्या एका मुलाने ते साधनाकडून लिहून घेतले. चार मिनिटांत कोड तयार, सोबत अकरा टेस्ट, अकराही हिरव्या, म्हणजे पास. पुल रिक्वेस्ट, म्हणजे तो कोड प्रकल्पात घेण्याची विनंती, माझ्याकडे तपासायला आली. कोड देखणा होता, नावे नीट होती, टिपा माझ्यापेक्षा चांगल्या इंग्रजीत होत्या. वाचताना एका ओळीवर अडखळलो: वार्षिक हप्ता भागिले ३६५. आता १ मार्च २०२३ ते २९ फेब्रुवारी २०२४ अशी पॉलिसी घ्या. तिचे दिवस ३६६ आहेत. टेस्टनी हे पकडले कसे नाही, म्हणून त्या उघडल्या, तर त्याही त्याच साधनाने, त्याच कोडवरून लिहिल्या होत्या आणि त्यांनीही ३६५ हेच सत्य मानले होते. बाराशे डॉलरच्या हप्त्यावर दोनशे दिवसांच्या परताव्यात हा फरक सुमारे एक डॉलर ऐंशी सेंटचा होतो. एका पॉलिसीत कोणाच्या लक्षातही येणार नाही. लाखभर पॉलिसींत तो ग्राहकाच्या लेखापरीक्षकाच्या टेबलावर जाऊन बसतो, आणि तिथून आमच्या डोक्यावर.

ही एक चूक शोधायला, बाकीच्या तारखांच्या गणितात ती आणखी कुठे शिरली आहे हे बघायला, आणि टेस्ट करारातल्या मूळ अटी वाचून पुन्हा लिहायला मला जेवणानंतरपासून संध्याकाळचे सात वाजले. टाइमशीटमध्ये तपासणीसाठी जास्तीत जास्त अर्धा तास भरता येतो. अंदाज बांधताना तपासणीला गुणच नसतात. आणि आता पगारपत्रातल्या त्या दुसऱ्या ओळीकडे या. साधनाच्या वापराची नोंद ठेवणाऱ्या डॅशबोर्डवर त्या दिवशी त्या मुलाच्या नावावर भरपूर ‘स्वीकारलेल्या सूचना’ जमा झाल्या, आणि माझ्या नावावर जवळपास काहीच नाही, कारण मी चुकीचा कोड पुसत होतो. तुमच्या नव्या नियमाप्रमाणे त्या दिवसाचा व्हेरिएबल त्याला मिळतो आणि माझा कापला जातो. त्या मुलाचा यात दोष नाही; त्याला वेग दाखवायला सांगितले होते, त्याने दाखवला. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या संकेतस्थळाच्या २०२५च्या सर्वेक्षणात या साधनांच्या अचूकतेवर विश्वास नसलेले डेव्हलपर ४६ टक्के होते आणि विश्वास असलेले ३३ टक्के. सर्वांत मोठी तक्रार होती ती उत्तर जवळजवळ बरोबर पण पूर्ण बरोबर नसण्याची. ते ‘जवळजवळ’ भरून काढण्याचे काम आज या उद्योगातले सर्वांत जबाबदारीचे काम आहे, आणि पगाराच्या तुमच्या हिशोबात त्याला नावसुद्धा नाही.

तिसरा आक्षेप माझ्या पगाराविषयी नाही, माझ्या शेजारच्या खुर्चीविषयी आहे. तिथे लातूर जिल्ह्यातल्या एका गावातून आलेली मुलगी बसते. घरातली पहिली इंजिनिअर. सीटीसी, म्हणजे कंपनीचा तिच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, ३.६ लाख. हातात येतात चोवीस हजारांच्या आसपास. त्यातून वाकडला चौघींत घेतलेल्या फ्लॅटचे भाडे, शिक्षणकर्जाचा हप्ता, आणि गावाकडे पाठवायचे पैसे. तिने मला एकदा विचारले, “दादा, तुम्ही लागलात तेव्हा किती होता?” मी आकडा सांगितला आणि दोघेही काही वेळ गप्प बसलो, कारण तो फारसा वेगळा नव्हता. नवख्यांचा पगार या उद्योगात दशकभराहून जास्त काळ तीन ते चार लाखांच्या खुंटीला बांधलेला आहे. २०१२ साली १०० धरलेला ग्राहक किंमत निर्देशांक २०२४ संपता संपता १९०च्या पुढे गेला होता. म्हणजे तेव्हाचे सव्वातीन लाख केवळ जागच्या जागी राहायचे म्हटले, तरी आज सहा लाखांच्या वर व्हायला हवे होते. कॉग्निझंटची वार्षिक २.५२ लाखांची जाहिरात ऑगस्ट २०२४मध्ये गाजली, तेव्हा ती अभियांत्रिकीबाहेरच्या पदवीधरांसाठी असल्याचा खुलासा कंपनीने केला. तो मान्य केला तरी महिन्याचे एकवीस हजारच होतात.

यात एआयचा दोष किती? प्रामाणिकपणे सांगायचे तर सुरुवातीची दहा वर्षे काहीच नाही. चॅटजीपीटी आले ते ३० नोव्हेंबर २०२२ला, आणि ही खुंटी त्याच्या कितीतरी आधी ठोकलेली आहे. दरवर्षी लाखो मुले अभियांत्रिकी पास होऊन दारात उभी असताना दर कोण वाढवणार, एवढे साधे ते कारण होते. पण आता जुन्या कारणाला नवे निमित्त मिळाले आहे. अमेरिकेतल्या पगारनोंदींवरून स्टॅनफर्डच्या अर्थतज्ज्ञांनी ऑगस्ट २०२५मध्ये मांडलेल्या अभ्यासात २२ ते २५ वयाच्या सॉफ्टवेअर डेव्हलपरच्या नोकऱ्या २०२२च्या अखेरच्या उच्चांकापेक्षा सुमारे वीस टक्क्यांनी घटल्याचे दिसते, आणि हा परिणाम पगारांपेक्षा नोकऱ्यांच्या संख्येत जास्त उमटल्याचेही ते सांगतात. तिकडे जागा गेल्या. आपल्याकडे जागा जाण्याची भीती हेच पगार न वाढवण्याचे हत्यार झाले आहे. माझ्या शेजारणीला तोंडी सांगण्यात आले की तुझे काम आता साधनही करते, तेव्हा नोकरी आहे यात समाधान मान. त्याच वेळी ज्यांच्या बायोडेटावर एआयचे दोन प्रकल्प आहेत अशा मोजक्यांना बाहेरून दीडपट देऊन आणले जाते. ते दोन प्रकल्प करण्याची संधी तिला कामाच्या वेळेत कधी मिळाली, हे मात्र कोणी विचारत नाही. प्रमाणपत्राचे अभ्यासक्रम शनिवारी-रविवारी, परीक्षेची फी स्वतःची, आणि नोटीस कालावधी नव्वद दिवसांचा, म्हणजे दुसरीकडे जाऊन भाव करण्याची वाटही अरुंदच.

शिवाय जी किरकोळ कामे करत आम्ही शिकलो, छोटे बग, टेस्ट, जुन्या पानांची दुरुस्ती, तीच कामे साधनाकडे गेली आहेत. ३६५ची चूक मला दिसली याचे कारण २०११ साली मी स्वतः तशीच चूक केली होती आणि एका रागीट ज्येष्ठाने मला दोन तास समोर बसवून ती समजावली होती. ते दोन तास कोणत्याच ग्राहकाला बिल केले गेले नव्हते.

आता या सगळ्यावर तुमचे नेहमीचे उत्तर असते की, तंत्रज्ञान बदलले की असेच होते, त्यात वाटा मागण्याची रीत नाही. रीत होती. माझे वडील सांगलीत एका राष्ट्रीयीकृत बँकेत लिपिक होते. बँकांत यंत्रे आणण्याला कर्मचारी संघटनांचा कडवा विरोध होता, आणि छातीला काळी फीत लावून गेट मीटिंगला उभे राहिलेल्यांत तेही होते. पण १९८३ साली इंडियन बँक्स असोसिएशन आणि संघटना यांच्यात यंत्रीकरणाचा करार झाला. कुठे, कोणती यंत्रे येतील याच्या मर्यादा त्यात ठरल्या. पुढच्याच वर्षी बँकांच्या यंत्रीकरणावरच्या रंगराजन समितीचा अहवाल आला आणि शाखांमध्ये खातेवहीच्या नोंदी करणारी लेजर पोस्टिंग मशिने आली. ती मशीन चालवणाऱ्या लिपिकाला विशेष भत्ता मिळू लागला. वडिलांच्या पगाराच्या चिठ्ठीत त्या भत्त्याचा वेगळा रकाना होता. रक्कम फार मोठी नव्हती, पण आईला तो रकाना पाठ होता. यंत्र आल्यामुळे काम जास्त होते, तर त्याचे काही तरी कर्मचाऱ्याकडे आले पाहिजे, हे त्या काळच्या बँक व्यवस्थापनाने, कुरकुरत का होईना, कागदावर मान्य केले होते. त्याच घरातला मुलगा त्याहून शंभरपट हुशार यंत्र चालवतो आणि त्याच्या चिठ्ठीत त्या जागी उद्दिष्ट छापलेले असते.

आणखी मागे जायचे तर जुलै १९५७मध्ये, गुलझारीलाल नंदा कामगारमंत्री असताना, पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत सरकार, मालक आणि कामगार यांनी मिळून यंत्रीकरण-सुसूत्रीकरणाविषयी काही तत्त्वे मान्य केली होती: असलेल्या कामगारांची कपात किंवा कमाईत घट होऊ नये, कामाचा बोजा दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या तज्ज्ञांनी ठरवावा, आणि होणाऱ्या फायद्याची समाज, मालक व कामगार यांच्यात न्याय्य वाटणी व्हावी. तेव्हा कापड विणणाऱ्या मागांचा प्रश्न होता, आज कोडचा आहे. औद्योगिक विवाद कायद्यात १९५६च्या दुरुस्तीने आलेले ९अ हे कलमही त्याच काळातले: कामगारांची कपात होण्याची शक्यता असलेली तंत्रसुधारणा करायची असेल, किंवा वेतनाची रीत बदलायची असेल, तर एकवीस दिवसांची पूर्वसूचना द्यायची. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ही तरतूद कलम ४०मध्ये आणि तिसऱ्या अनुसूचीत टिकून आहे, आणि कपात झालेल्या कामगारासाठी पंधरा दिवसांच्या वेतनाएवढी रक्कम पुनर्कौशल्य निधीत भरण्याची जबाबदारी मालकावर आली आहे. आम्ही ‘कामगार’ या व्याख्येत बसत नाही, असे तुमचे वकील सांगतील. तांत्रिक काम करणारा त्या व्याख्येत आहे. व्यवस्थापकीय काम करणारा नाही. ज्याच्या हाताखाली एक माणूस नाही, जो दिवसभर कोड लिहितो आणि तपासतो, त्याच्या पदनामात ‘लीड’ किंवा ‘मॅनेजर’ हा शब्द घातल्याने काम बदलत नाही.

आमच्या मागण्या अशा आहेत.

ग्राहकाशी केलेल्या ज्या करारात एआयमुळे होणारी उत्पादकतेची वाढ लिहून दिली आहे, त्या प्रकल्पावर काम करणाऱ्यांना ती टक्केवारी, तिचा आधार आणि साधनांवरचा खर्च सांगण्यात यावा. ग्राहकाचे नाव किंवा दर आम्हाला नको आहेत.

खर्च वजा जाता होणाऱ्या बचतीचा किमान एक तृतीयांश भाग त्या प्रकल्पातल्या लोकांच्या मूळ वेतनात जावा. मूळ वेतन म्हणतो आहे, व्हेरिएबल नव्हे. एकदाचा बोनस किंवा ॲमेझॉनचे व्हाउचर हा वाटा धरला जाऊ नये.

साधनाचा वापर, स्वीकारलेल्या सूचना, तयार झालेल्या ओळी यांपैकी कशाशीही पगाराचा कोणताही भाग जोडू नये, आणि यंदाच्या पत्रांतली तशी अट मागे घ्यावी. याबाबत तडजोडीला जागा आहे असे मला वाटत नाही, कारण ही अट चूक पकडणाऱ्याला दंड करते आणि तिचा शेवटचा फटका ग्राहकालाच बसणार आहे.

कोड तपासणे हे काम म्हणून अंदाजात, टाइमशीटमध्ये आणि अप्रेझलमध्ये स्वतंत्रपणे मोजले जावे. उत्पादकतेचा पाया वाढवायचा असेल तर आधी त्या प्रकल्पात, तपासणी आणि नंतरच्या दुरुस्तीचा वेळ धरून, निदान दोन तिमाह्या मोजमाप व्हावे, आणि मोजणाऱ्यांत चमूचे दोन प्रतिनिधी असावेत.

नवख्यांचे वेतन ग्राहक किंमत निर्देशांकाला जोडून दरवर्षी सुधारावे. मागची सगळी तूट एका वर्षात भरून निघणार नाही हे मान्य आहे. ती तीन वर्षांत भरून काढण्याचे वेळापत्रक नॅसकॉमने सदस्यांसाठी जाहीर करावे. एआयचे प्रशिक्षण कामाच्या वेळेत आणि कंपनीच्या खर्चाने व्हावे, आणि दर पाच जणांच्या चमूत एक जागा नवख्याची राखून ठेवावी, साधन ते काम करत असले तरीही.

पगाराच्या रीतीत असे बदल करण्यापूर्वी एकवीस दिवसांची लेखी सूचना द्यावी आणि त्या काळात कर्मचाऱ्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे. कायदा लागू आहे की नाही हा वाद तुमचे वकील आणि आमचे वकील यथावकाश घालतील. सूचना द्यायला तोवर थांबण्याचे कारण नाही.

या पत्राची एक प्रत महाराष्ट्र शासनाच्या कामगार विभागाला पाठवली आहे. यंदाच्या पत्रांवर आम्हाला महिनाअखेरपर्यंत पोर्टलवर ‘मान्य’ हे बटण दाबायचे आहे; ‘अमान्य’ असे बटण तिथे नाही. मी अजून दाबलेले नाही, आणि माझ्या माहितीत आमच्या मजल्यावरच्या आणखी अकरा जणांनीही नाही. तुमचे उत्तर त्याआधी यावे, एवढी विनंती.

आपला,
पुण्यातील एक सॉफ्टवेअर अभियंता